कावळ्यासाठी एक वाक्य

सकाळी साडेनऊ वाजता आंबेसांगवीच्या घाटावर पाटलांच्या म्हातारीचा पिंड ठेवला, मोठ्या मुलाने सांगितलेलं वाक्य म्हटलं आणि घरचे मागे सरकायच्या आतच कावळा शिवला.

"झालं?" मोठ्या मुलाने विचारलं. त्याचे हात अजून जोडलेलेच होते.

"झालं," हेमांगी करंदीकर म्हणाली आणि फोन पर्समध्ये टाकला. मंडळी एकमेकांकडे पाहत राहिली. कोणाला रडायलाही वेळ मिळाला नव्हता.

जिल्ह्यात कावळे मोजके उरल्याला बरीच वर्षं झाली होती. दहाव्याला लोक दुपारपर्यंत उन्हात ताटकळत, शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावत आणि विधी उरकत. त्या गवताच्या कावळ्याने कोणाचं समाधान होत नसे. गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली, ही रुखरुख घेऊन माणसं घरी जात. हेमांगीचे वडील नाना या घाटाचे गुरुजी. त्यांची उन्हातली तगमग बघवेना, तेव्हा तिने एका दुपारी मटार सोलता सोलता ॲप करून घेतलं.

तिला संगणकाची भाषा येत नव्हती. आता ती कोणालाच यावी लागत नव्हती. काय हवं ते फोनमधल्या संकेतलेखकाला तोंडाने सांगायचं, आज्ञावली तो लिहून देई. त्याने तिला दोनच प्रश्न विचारले होते.

"यश कशाला समजायचं?"

"पिंडाला कावळा शिवला की यश."

"प्रत्येक वापरातून शिकून ॲपमध्ये आपोआप सुधारणा करत राहू?"

"कर की. त्यात विचारायचं काय?"

परातीतला मटार संपायच्या आत ॲप तयार होतं. घाटावरच्या खांबाला कर्णा बांधला. त्यातून कावळ्यांना बोलावणारी हाक निघे, आणि हेमांगीचा फोन कान देऊन सगळं टिपून घेई. नातेवाइकांना दहाव्याचा निरोप जावा म्हणून गेलेल्या माणसाचा फोनही ॲपला जोडता येत असे.

महिन्याभरात पडद्यावर एक नवी पट्टी दिसू लागली. वर लिहिलेलं असे, 'हे म्हणा', आणि खाली एक वाक्य. 'सुमनला तिचे दागिने परत देऊ.' 'विहिरीवरून भांडणार नाही.' घरच्यांनी ते म्हटलं की कावळा शिवे. हेमांगीने ही पट्टी मागितली नव्हती.

"हे कशाला घातलंस?" तिने संकेतलेखकाला विचारलं.

"हाकेने कावळे जवळ येतात, पण शिवत नाहीत. घरचे ठरावीक वाक्य बोलले की शिवतात. म्हणून वाक्य शोधण्याची सोय केली."

"पण वाक्याने का शिवतात?"

"कारण माहीत नाही. संबंध पक्का आहे."

वाक्यं मेलेल्यांच्या फोनमधल्या निरोपांतून काढत असेल, अशी हेमांगीने स्वतःची समजूत घातली. तोवर आसपासच्या चाळीसेक घाटांनी ॲप घेतलं होतं.

"नाना, तुमचं उन्हात उभं राहणं वाचलं," जेवताना ती एकदा म्हणाली.

"वाचलं खरं. पण हेमे, तो उशीर हेच तर आमचं काम होतं."

"म्हणजे?"

"कावळा येईना की माणसं बोलायला लागतात. कोण म्हणतो सुनेला छळणार नाही, कोण म्हणतो बहिणीला वाटा देतो. जगतापांच्या दहाव्याला दोघे भाऊ कित्येक वर्षांनी एकमेकांशी बोलले, कावळ्याला शिव्या घालायला का होईना! आता तू पट्टी वाचतेस, ते पोपटासारखं म्हणतात आणि जेवायला पळतात."

"मग बंद करू?"

नानांनी ताकाचा भुरका घेतला. मग भात पुढे ओढला.

मार्गशीर्षात नाना गेले. झोपेतच गेले.

दहाव्याला हेमांगीने कर्ण्याची तार काढून ठेवली आणि फोन पालथा घातला. नानांना त्यांच्या पद्धतीनेच निरोप द्यायचा, हे तिने ठरवलं होतं. विधी सांगायला चुलतभाऊ मोरेश्वर होता. पिंड ठेवला. हाक नसतानाही कावळे आले आणि घाटाच्या भिंतीवर ओळीने बसले. खाली मात्र एकही उतरला नाही.

"नाना, तुमची पोथी मी वाचीन रोज," मोरेश्वर म्हणाला.

"तू? तुला चष्म्याशिवाय पंचांग दिसत नाही," बनूआत्या म्हणाली. "नाना, हेमीला आम्ही अंतर देणार नाही रे!"

कावळे हलले नाहीत. ऊन डोक्यावर आलं. बनूआत्या पायरीवर बसली, तिला भोवळ येत होती.

"अगं, फोन बघ की," मोरेश्वर कुजबुजला. "गावाला वाटतेस आणि स्वतःच्या बापाला नाही?"

"नाना फोन वापरत नव्हते, मोरूदादा. ॲपला काय कळणार?"

तरी तिने फोन उलटला. नानांचं नावसुद्धा तिने ॲपमध्ये घातलं नव्हतं. पट्टी मात्र आलेली होती.

हे म्हणा: 'नाना, हे ॲप मी बंद करते.'

तिने ते दोनदा वाचलं. नाना हे कधीच बोलले नव्हते. ती बोलली होती, स्वयंपाकघरात, प्रश्न म्हणून. तेव्हा फोन कुठे होता? ताटाशेजारी की आतल्या खोलीत? काही केल्या आठवेना. आणि तिचा प्रश्न ऐकला असला, तरी नानांचं न दिलेलं उत्तर याला कोणी सांगितलं?

"काय लिहिलंय?" मोरेश्वरने विचारलं.

ती पुढे झाली, हात जोडले आणि वाक्य म्हणाली. भिंतीवरचा एक कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

संध्याकाळी तिने संकेतलेखकाला ॲप पुसायला सांगितलं, सगळ्या घाटांवरचं. तो का म्हणून विचारील, नको म्हणेल असं तिला वाटलं होतं.

"पुसलं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी घाटावर शेलार नावाच्या ड्रायव्हरचा दहावा होता. मोरेश्वरला मदत म्हणून हेमांगी गेली. खांबावरचा कर्णा तिने उतरवून ठेवला होता. पिंड ठेवला, कावळे येऊन भिंतीवर बसले.

"ताई, काय म्हणायचं?" शेलारच्या मुलीने विचारलं.

"वडिलांना काय हवं होतं, ते आठवा."

मुलगी पिंडासमोर बसली. मग म्हणाली, "ते गाडीत माझ्या लहानपणीच्या रडक्या आवाजातलं एक बडबडगीत लावायचे. मला लाज वाटायची." मागे कोणीतरी हसलं, कोणीतरी हुंदका दिला, आणि माणसं बोलू लागली.

हेमांगीने भिंतीकडे पाहिलं. कावळे पिंडाकडे बघत नव्हते, बोलणाऱ्यांकडेही नाही. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळलेल्या होत्या, पट्टी वाचायला ती रोज जिथे उभी राहायची, तिथे.

ती दोन पायऱ्या खाली सरकली. माना तिच्याबरोबर सरकल्या, तिने वाक्य सांगायची वाट पाहत असल्यासारख्या.

दुपारी एकपर्यंत कावळा शिवलेला नव्हता.