वरचं पाणी, खालचं पाणी

माशांच्या टाकीत पाठीमागं काळी काच लावून तिथंच फिल्टर कोंबायची पद्धत ज्यानं काढली, त्याला एकदा माझ्या ताब्यात द्यायला पाहिजे. दिसायला झकास. पण गाळ साचला की आत हात जात नाही, स्पंज निघत नाही, आणि पुढनं पाणी स्वच्छ दिसत असताना मागं कुजत असतं. आमच्या आक्काच्या घरची टाकी तसलीच होती. पाच फुटी, सिद्धार्थनगरातल्या तिच्या बाहेरच्या खोलीत निम्मी भिंत अडवून बसलेली. तिचा मुलगा प्रसेनजीत काचेच्या दुकानात कामाला होता, त्यानं ती स्वतः चिकटवून केली होती.

तो आता नव्हता. आदल्या पावसाळ्यात पंचगंगेला पूर आला, दरवर्षीसारखी पोरं शिवाजी पुलावरनं उड्या टाकत होती, त्यात हाही. बाकीची पुढं काठाला लागली. हा लागला नाही. अंगसुद्धा मिळालं नाही, म्हणून आम्ही बौद्ध लोक मेलेल्या माणसामागं करतो तो जलदान विधी आक्कानं करू दिला नाही. "अंग न्हाय, तर जलदान कुणाचं करू?" एवढंच म्हणाली.

मागं राहिला त्याचा मासा. बशीएवढा, काळा-तांबडा, ऑस्कर जातीचा. प्रसेनजीतनं त्याचं नाव पैलवान ठेवलेलं. दुपारी पैलवानाला घालायचं, त्यानं खाल्लं की मग आपण ताटावर बसायचं, असा आक्काचा नेम झाला होता. आणि आता पैलवानच खाईना. वर येऊन नुसतं तोंड उघडमीट करायचा. आक्का दोन दिवस उपाशी आहे, हे तिच्या शेजारच्या धोंडुबाईनं उद्यमनगरात माझ्या वर्कशॉपला येऊन सांगितलं. माझं डोकंच फिरलं. मासा गेला तर बहीण जाणार, हे मला सरळ दिसत होतं.

मी पंप दुरुस्त करतो. पाणी कसं वागतं हे मला कुणी शिकवायला नको. मागचा फिल्टर काढून टाकीखालच्या कपाटात संप बसवायचा ठरवलं. संप म्हणजे खाली ठेवलेली दुसरी टाकी. वरचं पाणी पाइपानं तिथं येतं, गाळून निघतं, आणि पंप ते परत वर सोडतो. पैलवानाला ड्रममध्ये ठेवलं आणि काळ्या काचेमागचा गाळ उपसला. वास असा, की दिवसभर अन्न जाईना. मग ती काच वरनं कापून थोडी आखूड केली, म्हणजे पाणी तिच्यावरनं ओघळून मागं पडेल, आणि मागच्या कप्प्याला तळाशी भोक पाडून पाइप संपात सोडला.

असं केलं की वरची पातळी पक्की होते. वर काहीही घाला, तेवढं पाणी काचेवरनं पडून खाली संपात चढतं. मी कोपरापर्यंत हात घालून बघितला. खाली पाणी तेवढंच चढलं, हात काढल्यावर उतरलं. आक्का स्टुलावर बसून हे सगळं बघत होती. मग तिनंही हात घातला, आणि बराच वेळ काढला नाही.

पैलवान खायला लागला. आक्का जेवायला लागली. मी खूश.

आठवडा झाला नाही तोवर तिचा निरोप आला, कपाटातनं पाणी सांडतंय. मी म्हटलं लोडशेडिंग, दुसरं काय. लाइट गेली की पंप थांबतो आणि वरचं थोडं पाणी खाली येतं. पण त्याला मी खूण करून बोटभर जागा सोडलेली होती. जाऊन लाइट बंद करून बघितलं, पाणी खुणेपर्यंत चढलं आणि गुमान थांबलं. दुसऱ्या दिवशी परत फरशीभर पाणी. त्याहून वाईट म्हणजे सांडून झाल्यावर खाली पाणी कमी पडायचं, पंप हवा ओढायचा, जळायच्या बेताला आला होता. पंप जळला की मासा गेला. मी आक्कावर ओरडलो, वरनं बादली ओततेस काय म्हणून. ती फरशी पुसत राहिली.

"कवा सांडतंय?" मी विचारलं.

"दुपारी. घास घालते तवा."

त्या दुपारी कपाटाची दारं उघडी टाकून मी समोर मांडी घालून बसलो. लाइट होती, पंप चालू होता. आक्कानं मुठीत दाणे घेतले, टाकीवर वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "ये." हात पाण्याच्या बाहेर होता.

खाली पाणी चढायला लागलं. एकदम नाही. घाटाच्या पायऱ्या कुणी जपून उतरावं तसं, थांबत थांबत. मी धडपडत बादल्या लावल्या. तीन भरल्या आणि मग थांबलं. वर बघितलं तर नुसतं स्वच्छ पाणी, आणि पैलवान एका कोपऱ्यात अंग चोरून उभा, सगळी टाकी मोकळी सोडून. दाणे त्यानं तिथनंच टिपले.

थोड्या वेळानं काचेवरनं पडणारी धार तुटली. टाकीतलं पाणी चार बोटं खाली गेलं होतं. मी तिन्ही बादल्या संपात परत ओतल्या. निम्मं पाणी तर माझ्याच अंगावर सांडलं.

वर्कशॉपला आलो, शटर ओढून घेतलं. रिकाम्या हौदात मोठा ड्रम ठेवला, काठोकाठ भरला, आणि कपड्यांसकट त्यात उतरलो. डोकंसुद्धा बुडवलं. मग बाहेर येऊन हौदात सांडलेलं पाणी बादलीनं मोजलं. तीन बादल्या, वर थोडं. मी प्रसेनजीतपेक्षा अंगानं जरा भरलेला आहे.

दुसऱ्या दिवशी आक्कापुढं हात जोडले. म्हटलं, आता भंतेजींना बोलवू, जलदान करून टाकू, तुला बरं वाटेल. ती मशीनवर ब्लाउज शिवत होती. चेहऱ्यावर रया आली होती तिच्या, हे मान्य करायला पाहिजे.

"जयसिंग, खालची टाकी मोठी करून दे," ती म्हणाली. "पाणी वाया जातंय."

"देतो. तीन बादल्यांची जागा वाढवतो."

"तिनात भागायचं न्हाय. सहाची कर."

"सहा कशाला?"

"पुढं लागंल की."

मी भांडलो. कपाटात मावणार नाही, फळी कापावी लागेल, उगंच काच वाया जाईल, जे सुचेल ते बोललो. खरं तर मी भ्यालो होतो, आणि भ्यालो की मी कामाला लागतो. काच आणली, फळी कापली, सहा बादल्या जादा मावतील असा संप बसवला आणि बाहेरनं बादलीगणिक खुणा केल्या. मग सगळं सुरळीत झालं. दुपारी पाणी तीनच्या खुणेपर्यंत चढायचं, आक्का ताटावर बसली की उतरायचं. पैलवान माजला. बहीण दोन घास खात होती, मला आणखी काय पाहिजे होतं? तरी रोज दुपार झाली की जीव टांगणीला लागायचा. हातातलं काम टाकून मी तिच्याकडं चक्कर मारायचो.

एक दिवस कागलचं गिऱ्हाईक मोटर घेऊन बसलं, आणि मला उशीर झाला.

दार नुसतं लोटलेलं. आक्काच्या चपला उंबऱ्याशी होत्या. मशीनवर सुई कापडात तशीच रुतलेली.

हाक मारली. आतल्या खोलीत, मोरीत, परसात बघितलं. धोंडुबाई सकाळपासनं दारातच धान्य निवडत होती. म्हणाली, आक्काताई बाहेर पडलेली न्हाय.

ताट वाढलेलं होतं. भाकरी मोडलेली नव्हती.

स्टूल टाकीला लावलेलं. दाणे पाण्यावर तरंगत होते. पैलवान कोपऱ्यात, काचेला अंग चिकटवून.

बाकी नुसतं स्वच्छ पाणी.

मी कपाट उघडलं. पंप एकसुरात चालला होता. पाणी सहाच्या खुणेवर होतं.

समोर मांडी घातली आणि ते उतरायची वाट बघत बसलो. दिवेलागण झाली. पाणी उतरलं नाही. फरशी कोरडी होती, एक थेंबसुद्धा बाहेर सांडला नव्हता.