चिमण्या आल्याबिगर कुस्ती नाही!

"संपत्या, खाली वाक! चिमण्या बिचकतील!"

"कोणत्या चिमण्या? हौदात एकबी न्हाई, बेबीनंदा!"

खरंच की! सुट्टी लागल्यापासून बेबीनंदा, संपत आणि वसंता रोज सकाळी कुस्तीच्या हौदाकाठी पालथे पडून चिमण्यांची मातीतली अंघोळ बघायचे. काल हौदात नवी तांबडी माती पडली, आणि आज चिमण्या लिंबावर बसून नुसत्या चिवचिवत होत्या. खाली एकही उतरेना!

आष्टीजवळच्या त्यांच्या गावची उद्या जत्रा. लांबलांबचे पैलवान येणार, यष्ट्या भरभरून माणसं येणार! बेबीनंदाच्या आईचा, गोजरबाईचा भज्यांचा गाडा याच गर्दीवर चालायचा. गावातली शाळा सातवीपर्यंतच, त्यामुळे जत्रेतल्या कमाईवर बेबीनंदा आठवीसाठी आष्टीला जाणार होती.

वसंतानं माती हुंगली. "हळद... ताक... ते तर कुस्तीच्या मातीत घालतातच. आन् हे काय? कपाशीवर धुरळतात ती पावडर!"

तिघं धावले ते थेट माती आणणाऱ्या कुस्तीच्या पंचांच्या, अप्पारावांच्या गोठ्यामागे. माती आणलेल्या रिकाम्या गोण्या तिथंच पडल्या होत्या. गोणीवर कवटीचं चित्र! जुन्या गोण्या वाया कशाला घालवायच्या म्हणून अप्पारावांनी विषाच्याच गोण्यांतून माती आणली होती.

"सांगितलं आन् कुस्त्याच रद्द झाल्या तर?" संपत हळूच म्हणाला. "तुझी आठवी..."

 बेबीनंदानं पळत जाऊन आईला सगळं सांगितलं. बेसन चाळता चाळता गोजरबाईचा हात थांबला. तिनं लेकीला जवळ ओढलं.

"लोकांच्या लेकरांच्या डोळ्यांत जहर घालून आपण भजी इकायची? बिलकुल न्हाई! जा, जल्दी सांग!"

पण हौदाकाठी उभे असलेले अप्पाराव ऐकतात कुठले! "चिमण्यांपायी जत्रा मोडू व्हय? पळा!"

"बराबर हाय, काका," बेबीनंदा साळसूदपणे म्हणाली. "मंग पहिली माती तुमीच कपाळाला लावा की. पंचाचा मान हाय!"

अप्पाराव ऐटीत वाकले. मूठभर माती कपाळाजवळ नेली आणि तिथंच थबकले. दरसाल स्वतः पावडर धुरळणाऱ्या माणसाला तो वास कसा चुकेल! त्यांनी हात झटकला.

"माझा पोरगा मच्छिंद्रबी उद्या ह्याच मातीत उतरणार व्हता रे..."

मग काय! विषारी माती उपसून गावाबाहेर खोल खड्ड्यात पुरली. नव्या मातीसाठी बैलगाड्या माळाकडे सुटल्या. घराघरांतून ताकाचे तांबे, हळदीच्या पुड्या आल्या. दिवस मावळायच्या आत हौद पुन्हा भरला!

जत्रेच्या दिवशी हलगी कडाडणार, तेवढ्यात अप्पाराव दोन्ही हात पसरून आडवे आले.

"दम धरा! चिमण्या आल्याबिगर कुस्ती न्हाई!"

गर्दी हसली, मग गप्प झाली. भलेथोरले पैलवानही लांब सरकून मांडी घालून बसले. एक चिमणी उतरली. मग दुसरी. पंख फुलवून दोघी मातीत लोळू लागल्या!

अप्पारावांनी मानाचा नारळ बेबीनंदाच्या हाती दिला. "फोड, पोरी! ही माणसं येतात म्हणून गावाची चूल पेटती. तुमी तिघांनी ती राखली!"

संध्याकाळी गोजरबाईचं बेसन पार संपलं होतं. "आठवीला जायचं बरं का," असं म्हणत तिनं उरलेली चार भजी काढली आणि तिघांना एकेक दिलं.

"आन् चौथं कुणाचं?" वसंतानं विचारलं.

गोजरबाईनं ते कुस्करून लिंबाखाली टाकलं. "ज्यांनी आधी सांगितलं, त्यांचं!"