चकण्याला एकच दिसतं

"माझा नवरा गेला, आणि लोक म्हणतात माझ्या बापानेच त्याला मारलं," असं म्हणून ती खुर्चीत बसली आणि भावजींचा चहा बशीत सांडला.

वहिनींनी बशी बाजूला सरकवली. "पहिल्यापासून सांग."

वहिनी खासगी तपासाची कामं घेत. नवरा वारल्यावर त्यांनी हा उद्योग मांडला आणि धाकट्या दिराला गाडी चालवायला व शंका काढायला सोबत घेतलं. भावजी दोन्ही कामं मनापासून करत. पैकी गाडी त्यांना बरी जमे.

बाईचा नवरा दगडाच्या कारखान्यात मुकादम होता. तिचे वडील तिथेच इशारेवाले. क्रेनखाली उभं राहून हाताने खुणा करायच्या, आणि वर केबिनमधल्या क्रेनवाल्याने त्याप्रमाणे दगडाची भलीमोठी लादी लोखंडी चौकटीच्या घोडीवर टेकवायची, हे त्यांचं काम. मागच्या आठवड्यात लादी घोडीवर न टेकता, तिच्या पलीकडे क्रेनवाल्याच्या डाव्या हाताला असलेल्या वाटेत उतरली. वाटेत मुकादम उभा होता.

"क्रेनवाले काका म्हणतात, बाबांनी आणखी डावीकडे घ्यायची खूण केली."

"आणि बाबा?"

"म्हणतात, चूक माझीच. पोलिसांनाही तेवढंच सांगितलं." तिने पदराचं टोक मुठीत धरलं. "ताई, बाबा लहानपणापासून चकणे आहेत. सगळे म्हणतात, चकण्याला एकाचे दोन दिसतात, त्याला तिथे उभं केलंच कसं? पण बाबा आजवर कधी चुकले नाहीत हो. त्यांच्या हातून झालं नाही, एवढं मला कळू दे. मग मी कशीही जगेन."

बाप निर्दोष ठरला तरी नवरा परत येणार नव्हता, आणि तिला फक्त बाप हवा होता.

वडील घरीच होते. एक डोळा समोर, दुसरा नाकाकडे. कोणत्या डोळ्यात बघून बोलावं ते भावजींना कळेना, म्हणून ते त्यांच्या कपाळाशी बोलत राहिले.

वहिनींनी पेन धरलं. "किती?"

"एक."

एक डोळा झाकला, मग दुसरा. आत वळलेल्या डोळ्याला धूसर दिसे, पण पेन एकच. पाणी देताना त्यांनी तांब्याची कड पेल्याच्या कडेला टेकवली आणि मगच ओतलं.

"गळ्यात शिट्टी कशाला?" वहिनींनी विचारलं.

त्यांनी ती सदऱ्याच्या आत सारली. "असंच."

"दोनेक महिन्यांपासून घालतात," मुलगी म्हणाली. "आधी नुसत्या हाताच्या खुणा असायच्या. आता लांब शिट्टी म्हणजे थांब, तुटक म्हणजे चालू दे."

"माझी चूक आहे म्हटलं ना बाई," ते खालमानेने म्हणाले. "कशाला खणता?"

तिथून ते क्रेनवाल्याच्या घरी गेले. त्याचा थाट मात्र निराळा. तोंड डावीकडे वळवून तो तिरप्या नजरेने पाहुण्यांकडे बघे. माणूस शिष्ट आहे, असा भावजींनी शेरा मारून टाकला.

"मान अवघडलीये त्यांची," बायको म्हणाली. "दोन-तीन महिने झाले."

"तिळाचं तेल कोमट करून लावा," भावजींनी लगेच उपाय सांगितला.

बायकोने चहाचा कप टेबलावर न ठेवता नवऱ्याच्या हातात दिला. भिंतीवर त्याचा केबिनमधला जुना फोटो होता, मान सरळ, छाती पुढे. निघताना तो जिना उतरून खाली आला. एक हात कठड्यावर, एक डोळा मिटलेला.

"डोळ्यात काही गेलं का?" वहिनींनी विचारलं.

"ऊन लागतंय," तो म्हणाला. जिन्यात ऊन नव्हतं.

कारखान्यात करवतवाल्याने खाली बघतच सांगितलं, "लादी हवेत असली की करवत बंद, हा इथला नेम. त्या दिवशी मालकांनी चालू ठेवायला लावली. शेजारच्याचं ओरडणंसुद्धा ऐकू येत नव्हतं."

"काम तातडीचं होतं," मालक म्हणाले. "आणि खुणा डोळ्यांनी बघायच्या असतात. करवतीचा काय संबंध?"

"सगळ्यांना बोलवा," वहिनी म्हणाल्या. "संबंध सांगते."

मालकांच्या खोलीत सगळे जमले. मुलगी वडिलांना खेटून उभी होती.

"माझ्या थोरल्या मुलीचा डोळा तिरळा होता," वहिनी म्हणाल्या. "चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून आळशी डोळ्याला कामाला लावायचं, हा उपाय लहानपणीच चालतो. तेव्हा कळलं, की लहानपणी तिरळा झालेला डोळा दोन-दोन चित्रं पाठवायला लागला की मेंदू त्यातलं एक पुसून टाकतो. अंतराचा अंदाज तेवढा कच्चा राहतो, म्हणून हे पेल्याला तांब्या टेकवून पाणी ओततात. पण यांना दोन दिसत नाहीत. एकच दिसतं."

"मग दोन कोणाला दिसतात?" भावजींनी शंका काढली.

"ज्याचा डोळा मोठेपणी फिरतो त्याला. पिकल्या वयात मेंदू काही पुसत नाही. क्रेनवाले काका, जरा मान सरळ करा, आणि ती न वळवता तुमच्या डावीकडे जाणाऱ्या माझ्या या बोटाकडे बघा."

त्याने मान सरळ केली. त्याचा उजवा डोळा बोटामागे गेला. डावा मधेच अडकला.

"मान वळवून धरली की दोन्ही चित्रं जुळतात, म्हणून ती अवघडलेली. कप हातात लागतो, कारण टेबलावर दोन दिसतात. जिन्यात डोळा मिटता, कारण पायऱ्या दुप्पट होतात. आणि डावीकडे बघितलं की दुसरं चित्र आणखी डावीकडे सरकतं. त्या दिवशी तुम्हाला दोन घोड्या दिसल्या, आणि खुणा करणारे हातही दुप्पट. तुम्ही नसलेल्या घोडीवर लादी उतरवलीत."

क्रेनवाला खाली बसला. "एक डोळा मिटला की अंतर कळत नाही. दोन्ही उघडले की सगळं दुप्पट. मी काय करायचं होतं?"

"डॉक्टरकडे जायचं होतं. मोठेपणी डोळा उगाच फिरत नाही."

"जाऊन आलोय," तो म्हणाला. "डोक्यात गाठ आहे. फार दिवस नाहीत म्हणाले. तेवढे तरी केबिनमध्ये काढावेत म्हटलं."

मुलीने वडिलांचा हात घट्ट धरला. ती रडत होती आणि हसतही होती. "बघा! मी म्हणत नव्हते? बाबांनी बरोबरच खूण केली होती!"

वहिनी वडिलांच्या गळ्यातल्या शिट्टीच्या दोरीकडे बघत होत्या.

"त्या दिवशी तुम्ही थांबायची शिट्टी मारलीत ना?" त्यांनी हळूच वडिलांना विचारलं.

"मारली. मारतच होतो. करवतीत ऐकू गेली नाही."

मालकांनी खिडकीबाहेर बघितलं. शिट्टीचं मला कोणी सांगितलं होतं, असं काहीतरी ते पुटपुटले, आणि ते खरंच होतं.

हसू मुलीच्या ओठांवरच राहिलं. ती हिशेबाला सावकाश होती, पण पोचली. "बाबा, इतकी वर्षं हात पुरायचे. शिट्टी कशाला घेतलीत?"

त्यांनी सदऱ्यावरून शिट्टी चाचपली.

"तुम्हाला माहीत होतं? काकांना दोन दिसतात ते?"

"मला चकणा म्हणून कोणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा याने कामाला लावलं गं. त्याचं काम कसं काढून घेऊ? म्हटलं, मी आहे ना खाली, सांभाळून घेईन. घेतलंही दोन महिने."

"आणि आमच्या यांना खाली उभं राहू दिलंत. सांगितलं नाहीत."

"चूक माझीच, हे पहिल्या दिवसापासून सांगतोय," ते म्हणाले. "खोटं नव्हतो बोलत."

तिने त्यांचा हात सोडला.

ती गाडीत मागे बसली. भावजी गाडी सुरू करीनात. "वहिनी, हे सांगायलाच हवं होतं का?"

"तिने विचारलं होतं, भावजी." वहिनींनी काच खाली केली. "खोटं सांगावं असं मलाही वाटलं हो. फार वाटलं."

भावजींनी मागे वळून पाहिलं. "बाई, कुठे सोडू तुम्हाला?"

मुकादमाची खोली कारखान्याची होती, ती मालकांनी तिसऱ्याच दिवशी रिकामी करून घेतली होती. तेव्हापासून ती वडिलांकडे राहत होती.

"थोडं पुढे घ्या," शेवटी ती म्हणाली. "सांगते."

भावजी गाडी पुढे नेत राहिले. तिने काही सांगितलं नाही.