डावा पंख

निवृत्तीनंतर सुदर्शन टिळेकरांनी जेवणाचं टेबल बळकावलं. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत दुसरी जागा नव्हती. टेबलावर विमानाचा नकाशा, त्यावर मेणकागद, आणि कागदावर बाल्सा लाकडाच्या हलक्या फासळ्या टाचण्यांनी रोवलेल्या. कॉलेजात असताना त्यांनी आणि बद्रीनाथने रिमोटवर उडणारं एक ग्लायडर बांधलं होतं. माळ्यावर उंदरांनी त्याचे पंख खाल्ले. ते आता नव्याने करायचे होते.

"आम्ही खाली बसून जेवू," त्यांची बायको नम्रताबाई म्हणाल्या. "विमानाची गैरसोय नको."

घाई होती. अर्धांगाच्या झटक्याने बद्रीनाथची उजवी बाजू लुळी पडली होती, वाचा गेली होती, आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. त्याने एकदा तरी ते उडवावं, एवढ्याचसाठी सुदर्शनरावांचा जीव टांगणीला लागला होता.

पूर्वी उजवा पंख सुदर्शनचा, डावा बद्रीचा. आता दोन्ही एकाच्याच गळ्यात. उजवा झाला. डाव्याच्या पहिल्या फासळ्या लावून ते झोपले आणि सकाळी पाहतात तर पंख टोकापर्यंत पुरा. गोंद वाळलेला. टाचण्या सगळ्या तिरप्या.

टाचण्या तिरप्या रोवायची खोड बद्रीची. त्यावरून दोघांची कडाक्याची भांडणं व्हायची.

"तू हात लावलास याला?"

"लावू देता तुम्ही?"

त्यांनी कसब्यात बद्रीकडे फोन केला. त्याच्या बायकोने, विजयमालाबाईंनी उचलला.

"रात्री झोपेत उजवा हात हलवत होते, भावोजी. सकाळी बोटं चिकट होती, गरम पाण्याने पुसून काढली. पण हात हलला म्हणजे चांगलंच ना हो?"

"चांगलंच," सुदर्शनराव म्हणाले. पंखाकडे मात्र त्यांनी दिवसभर पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी दुपारी बद्री आणि विजयमालाबाईंना गाडीत घेऊन सुदर्शनराव बोपदेव घाटात गेले. वारा छान होता. बद्रीची चाकांची खुर्ची कड्यापासून जरा मागे लावून त्यांनी रिमोट त्याच्या मांडीवर ठेवला, डावा हात त्यावर टेकवला. मग ग्लायडर डोक्यावर धरून, त्याच्याकडे पाठ करून दरीसमोर उभे राहिले. दोघांचा जुना नियम होता: फेकणाऱ्याने विचारायचं, आणि रिमोटवाल्याने होकार दिल्याशिवाय फेकायचं नाही.

तोंडातून सवयीने गेलंच. "सोडू?"

विचारल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"सोड," मागून आवाज आला. स्वच्छ, थोडा वैतागलेला.

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी सोडलं. ग्लायडर वाऱ्यावर चढलं आणि अलगद डावीकडे वळलं.

"बोललास की लेका!" ते हसत मागे वळले.

विजयमालाबाई खुर्चीशी गुडघे टेकून बसल्या होत्या.

"भावोजी, मी केव्हाची हाका मारतेय. यांचा श्वास थांबलाय."

"आत्ता बोलला तो, वहिनी."

"नाही हो. तुम्ही पाठ केलीत, तेव्हाच मान पडली."

सुदर्शनरावांनी मनगट चाचपलं. नाडी नव्हती.

बद्रीला सावरायला बाईंना दोन्ही हात हवे होते. मांडीवरचा रिमोट त्यांनी सुदर्शनरावांच्या हातात कोंबला.

ग्लायडर डोक्यावर घिरट्या घालत होतं.

ते उतरवायला त्यांनी रिमोटच्या दांडीवर अंगठा ठेवून उजवीकडे रेटलं.

दांडी हलली नाही.

मग तिने त्यांचा अंगठा हळूच बाजूला सारला, आणि दरीवर ग्लायडर पुन्हा डावीकडे वळलं.