चकतीवरची हळद

यवतेश्वरच्या घाटातल्या शेवटच्या वळणावर साक्षीने ब्रेक दाबले, तर सायकल थांबायचं नावच घेईना. पुढचा दाबला, मागचा दाबला... चाकं आपली सुसाटच! समोर रस्त्याकडेला वाळूचा ढीग होता, आणि ढिगापाशी एक उंच तरुण आपल्या सायकलीत हवा भरत उभा होता.

“बाजूला व्हा!” ती ओरडली.

तो कसला बाजूला होतोय! “वाळूत घाला! वाळूत!” म्हणत तो उलट धावत आला, त्याने तिचा दंड पकडला, आणि दसऱ्याच्या सकाळी दोघंही सायकलीसकट वाळूत लोळले.

“लागलं का?”

“नाही... म्हणजे, थोडं.”

त्याने आधी तिचं खरचटलेलं कोपर पाहिलं, मग सायकल. सायकल दुरुस्तीचं दुकान असलेल्या माणसाने हा क्रम पाळावा, हे साक्षीला फार आवडलं. मुकुल त्याचं नाव. मूळचा सांगलीचा, दुकान इथेच घाटाच्या पायथ्याशी.

घरी मात्र आईने, शालूबाईंनी, कोपर पाहिलं आणि त्या रडायलाच लागल्या. “ते धूड इकून टाक! न्हाईतर उद्या मी सोता येते त्या मिस्तरीकडं. भरवसा धरावा का न्हाई, त्यानंच सांगावं मला.”

भाऊ वीरधवल सहा वर्षांपूर्वी सैन्यात जाताना ही सायकल साक्षीला देऊन गेला होता. शाळेतली नोकरी आणि घर सांभाळून पहाटेचा घाट तेवढा तिचा स्वतःचा होता. तो गेला तर काय उरणार?

दुसऱ्या दिवशी मुकुलने पुढचं चाक काढलं आणि ब्रेकच्या चकतीवर बोट फिरवलं. बोट पिवळं झालं.

“ही हळद कुणी लावली?”

“आईने. खंडेनवमीला. कोरेगावला आमच्याकडे ट्रॅक्टर, विळे, सगळ्यांची पूजा असते. इथे ही एकच सायकल.” साक्षी हसली. “हळद लोखंडावर टिकेना, म्हणून खोबरेल तेलात कालवून लावली. दोन्ही चाकांना पाच-पाच बोटं!”

मुकुल हसला नाही. “चकतीला तेल लागलं की तिला दाबणारे पॅड धरतच नाहीत... त्यानंच झालं हे.”

साक्षीचा चेहरा उतरला. आई येणारच होती. तिला हे कळलं, तर जन्मभर स्वतःला बोल लावत बसेल.

“ब्रेकच्या नळीतलं तेलपण बदलायला लागणार,” तो म्हणाला. “ही सिरिंज धरा. मी सांगीन तवा दाबायचं.”

खालून नवं तेल चढू लागलं. वर ब्रेकच्या दांडीला लावलेल्या नरसाळ्यात काळं तेल आलं, मग बुडबुडे. दोघंही वाकून बघत होते, डोक्याला डोकं लागेल इतके जवळ.

“हळू... इतकी घाई कशाला?”

“लक्षच लागत नाही माझं.”

“का बरं?”

“तुम्ही बुडबुडे बघा ना... माझ्याकडे काय बघताय?”

तेवढ्यात दारात शालूबाई. “आरं पोरा, माज्या लेकीला कशापायी पाडलं ह्या सायकलीनं?”

मुकुलच्या हातात चकती पुसलेलं पिवळं फडकं होतं. त्याने ते सावकाश घडी करून खिशात घातलं.

“मावशी, आत सहा वर्षांचं तेल होतं. हे बघा, काळं ठिक्कर. त्यात हवा शिरलेली. आता तेल नवं, पॅड नवे. माझ्या बहिणीला बसवीन मी हिच्यावर.”

शालूबाईंनी वाकून नरसाळ्यातलं काळं तेल पाहिलं. “परवा पूजा केली म्हणून वाचली बघ पोर.”

“व्हय मावशी,” तो हळूच म्हणाला.

आई निवांत मनाने भाजी आणायला गेली. साक्षीचे डोळे भरून आले. “तुमचे उपकार कसे फेडू?”

“ब्रेकचं काम तर केलं...”

“ब्रेकचं नाही. माझी आई सुखाने झोपेल आज.” मग तिला आठवलं. “पण पुढच्या खंडेनवमीला ती पुन्हा हळद लावेल!”

मुकुलचे कान लाल झाले. “त्याचा विचार केलाय मी. आधी नवे पॅड बसू द्या. वेग घ्यायचा, ब्रेक दाबायचा. वीस वेळा. मग सांगतो.”

वीस वेळा ती गेली आणि वीस वेळा त्याच्यासमोर येऊन थांबली. “झाले. सांगा.”

“दरवर्षी पूजेला मीच येतो. मावशींना म्हणीन, हळद हँडलला लावा. चालंल?”

“दरवर्षी? पाहुणे म्हणून?”

“पाहुणा नको...” तो जमिनीकडे बघत म्हणाला, “घरचा म्हणून.”

साक्षी सायकल वळवून निघून गेली. मुकुल तिथेच उभा, घामाघूम. ती कोपऱ्यावरून वळली, वेगात आली आणि बरोबर त्याच्या पुढ्यात थांबली.

“सांगलीहून तुझ्या घरचे कधी येतील? आई रीतीला पक्की आहे.”

घाईघाईने खिशातलं फडकं काढून त्याने तोंडावरचा घाम पुसला. दोन्ही गालांना हळद लागली. साक्षीने ती पाहिली, आणि त्याला सांगितलंच नाही.