चेंबर चार, दहा मिनिटं

तासगाव रस्त्यावरच्या आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाणा चार अंशांवर असतो आणि मी ऑफिसात पंख्याखाली. कुठल्या चेंबरमध्ये कुणाचा माल, कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, ही सगळी नोंद ठेवणारं वेब ॲप्लिकेशन मी तीन वर्षं खपून लिहिलं. गेल्या वर्षी कोरेगावची प्रियदर्शनी आली आणि तिने माझ्या कोडमध्ये वीस ओळी घातल्या. कुणी कार्ड दाखवून आत गेलं आणि दहा मिनिटांत बाहेर आलं नाही, तर प्रोग्रॅम स्वतःच इव्हेंट, म्हणजे धोक्याचा इशारा, उठवायचा आणि मालकांच्या मोबाइलवर मेसेज जायचा.

तेव्हापासून मालक नानासोंच्या तोंडी एकच. "पोरीनं मुक्या प्रोग्रॅमला बोलाय लावलं की!"

आयत्या बिळावर नागोबा. जळफळाट होत होता माझा, खोटं कशाला बोलू? त्यात मिरजेच्या नव्या युनिटचा प्रमुख कोण, ते या इशाऱ्याच्या सोमवारच्या चाचणीवर ठरणार होतं.

सोमवारी सकाळी मी तिच्या कोडमधली एकच ओळ पुसली, इव्हेंट उठवणारी. चार अंशांत माणूस काही लगेच मरत नाही, अशी मनाची समजूत घातली.

अकराला चाचणीसाठी हमाल बिराप्पा कार्ड दाखवून चेंबर चारमध्ये गेला. मी चहा घेत तिच्या चेहऱ्याकडे बघत बसलो. बरोबर दहा मिनिटांनी नानासोंचा मोबाइल वाजला.

"चेंबर चार. बिराप्पा आत. दहा मिनिटं."

"व्वा! मिरज तुझंच गं पोरी."

मी कोड उघडला. मी पुसलेली ती ओळ अजूनही नव्हती. सर्व्हरवरही नव्हती.

बिराप्पा हात चोळत बाहेर आला. दार लावताना घुटमळला.

"सायेब, आत आनि कोन हाय?"

"कुणी नाही. का?" मी विचारलं.

"खोक्यांमागं कुनाचं तरी दात वाजत हुतं."

मोबाइल पुन्हा वाजला. नानासोंनी मोठ्याने वाचलं.

"चेंबर चार. राजवर्धन आत. दहा मिनिटं."

"मी इथं आहे," मी म्हणालो.

कुणी वर पाहिलं नाही.

"अकरा मिनिटं."

प्रियदर्शनी ब्लँकेट घेऊन धावली. नानासो तिच्या मागे. मी ओरडत होतो.

दार उघडलं. पांढरी वाफ बाहेर आली.

तिच्या आधाराने एक माणूस चालत आला. माझा शर्ट. माझा चष्मा. गळ्यात माझं कार्ड. मी गळ्याशी हात नेला. तिथे काही नव्हतं.

त्याला माझ्या खुर्चीकडे आणलं. मी उठून जागा दिली.

"राजवर्धन सर, बरं वाटतंय का आता?"

तो हसला. माझ्याच आवाजात, अगदी मनापासून म्हणाला, "तुमच्यामुळं वाचलो, प्रियदर्शनी. मिरजेला तुम्हीच जायला पाहिजे."

असलं वाक्य मी जन्मात बोललो नसतो.

आता सगळे म्हणतात, राजवर्धन सर किती चांगले झालेत. तीही म्हणते. मला ऐकू येतं, पण अस्पष्ट. चेंबरचं दार जाड आहे.