ओढीचा रकाना

सांगतो, पण विश्वास ठेवायच्या भानगडीत पडू नका. आजवर ही गोष्ट ऐकून ‘खरं का हो?’ असं एकानंही विचारलेलं नाही. सगळे सरळ ‘काहीतरीच!’ म्हणून मोकळे होतात. तरी मी सांगायचं सोडत नाही, कारण हिच्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. पाहिजे तर मोजून घ्या.

तर बारकी. नावाला बारकी, बाकी उंचीला अशी की वरचा खण उघडायला कारखान्यात सगळ्यांना शिडी लागायची आणि हिला नुसत्या टाचा. सिगारी वळणाऱ्या सतरा बायकांत वयानं धाकटी, म्हणून बारकी. कारखाना तिच्या मामांचा. त्या सकाळी ती पानघरात होती. वाळलेल्या पानांना पाणी दाखवतात ती खोली म्हणजे पानघर. पान कोरडं राहिलं तर वळताना तडकतं, भिजलं तर कुजतं. म्हणून फवाऱ्यानं नुसतं धुकं धरायचं. बारकीनं धुकं धरलं, आणि त्या धुक्यातून एक माणूस बाहेर आला.

“अगं बाई!”

चष्म्यावर थेंब, मिशीवर थेंब, आणि नाकाच्या टोकाला एक टपोरा थेंब लोंबकळतोय. त्यानं तो पुसलाही नाही. डोळे मिटून नुसता हुंगत उभा.

“सात वर्षांचं पान,” तो म्हणाला. “देवदाराच्या खणात ठेवलेलं. आणि... रोज कुणीतरी येऊन त्याच्याशी बोलतं.”

“बोललेलं वासावरून कळतं?”

“बोललेलं नाही, लवंग कळते. बोलणारीच्या तोंडात लवंग असते.”

बारकीनं तोंडातली लवंग झटकन गिळली.

“चुकीच्या दारानं आलात तुम्ही. परीक्षकांची खोली पलीकडे आहे.”

“दार चुकलं खरं...” त्यानं आता कुठे डोळे उघडले आणि तिच्याकडे पाहिलं. “पण फार नाही चुकलं.”

मागून थोरल्या बाई, म्हणजे वळणाऱ्यांतल्या सगळ्यात जुन्या, ओरडल्या, “बारके, फवारा पानांवर मार गं! पाहुण्यांना भिजवून वळायचं आहे का?”

सोळा टेबलांवरून हसू फुटलं. तेवढ्यात बायकांनी त्याचं बारसंही उरकलं. नाकराव!

नाव उगीच पडलं नव्हतं. सिगारी चाखून गुण देणं हा त्याचा पेशा, आणि त्या पेशात असं नाक पूर्वी झालं नाही, पुढं होणार नाही. एकदा म्हणे त्यानं बंद पेटी हुंगून सांगितलं होतं, की पेटी करणाऱ्या सुताराला त्या दिवशी सर्दी होती आणि बायकोशी अबोला होता. चौकशी केली, तर दोन्ही खरं! सर्दी एकवेळ समजू शकते. अबोल्याला वास कसला असतो, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

आता बारकीचा जीव कशात अडकला होता, ते ऐका. सात वर्षांपूर्वी, एकोणीस वर्षांची असताना, तिनं मामांशी भांडून पानांची एक थप्पी बाजूला काढली होती. “हे पान विकायचं नाही. पिकू द्यायचं,” म्हणाली. मामांनी भाचीचा हट्ट म्हणून सोडून दिलं. सात वर्षं ती थप्पी तिनं उलटली-पालटली, निवडली, जपली. आतल्या पानांचं मिश्रण तिनं ठरवलं, वरचं पान तिनं निवडलं, आणि स्वतःच्या दहा बोटांनी वळून फक्त तीनशे सिगारी केल्या. कारखान्याची पहिली लिमिटेड एडिशन. परीक्षकानं तीन दिवसांत तीन सिगारी चाखायच्या, आणि तिन्ही वेळा शंभरात नव्वदच्या वर गुण पडले तरच या सिगारींवर सोनेरी कागदी कडं चढणार. नाही पडले तर मामांनी आधीच बजावून ठेवलं होतं, “सगळा माल कापून स्वस्तातल्या चिरुटात घालीन, आणि तू गुपचूप आपल्या टेबलावर बसशील. पुन्हा मिश्रणाचं नाव काढायचं नाही.”

चिरुटात! सात वर्षं! बारकीला नुसत्या विचारानं गिळलेली लवंग परत वर आल्यासारखी वाटायची.

पहिल्या दिवशी नाकराव परीक्षकांच्या काचेच्या खोलीत बसला आणि सिगार हातात घेतली. घेतली म्हणजे कशी? लहान मुलाला झोपेत उचलून घ्यावं, तशी. आधी पेटवलीच नाही. बोटांतून फिरवली, कानाशी धरून हलकेच दाबली, उजेडाकडे केली. वरच्या पानाला अंगची तुकतुकी होती, शीर म्हणाल तर नावाला. मग टोक कापलं, एक कोरडा झुरका घेतला आणि मान हलवली... गाणं ऐकताना हलते तशी. काचेपलीकडे बारकी सिगारी वळत होती. वळत होती म्हणजे एकच सिगार तिनं चार वेळा सोडून परत वळली.

संध्याकाळी कागद आला. ‘रूप: डौलदार. ओढ: मोकळी, तरी सैल नाही. सुगंध: आधी ओल्या लाकडाचा, मग भाजलेल्या कॉफीचा, आणि धूर निघून गेल्यावर जिभेवर मध. असा मध मी तरी पूर्वी चाखला नव्हता. गुण ब्याण्णव.’

“रूप डौलदार म्हणे!” थोरल्या बाईंनी बारकीच्या कमरेला कोपर मारलं. “हे सिगारीचं की आणि कुणाचं?”

“काहीतरीच काय, बाई!” पण कागद घडी होऊन तिच्या ओढणीच्या टोकात गेला, ते उरलेल्या सोळाही जणींनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पाऊस होता. बारीक, न संपणारा, पत्र्यावर कुणी तांदूळ निवडत बसल्यासारखा. दमट हवेत सिगार नीट पेटत नाही, म्हणून बारकी स्वतः देवदाराची काडी घेऊन खोलीत गेली.

“मी पेटवून देऊ?” तिनं विचारलं.

“नियमात बसतं?”

“काडी धरायची मनाई नाही. बघायची... तीही नाही.”

“मग बघतो,” तो म्हणाला, आणि त्यानं ज्योत सोडून सगळीकडे पाहिलं. काडी बोटापर्यंत जळत आली तेव्हा दोघांना शुद्ध आली.

त्या दिवशीचे गुण एक्क्याण्णव.

तिसऱ्या दिवशी कागद थेट मामांच्या हातात पडला. मामांनी सगळ्यांना बोलावलं, घसा खाकरला आणि मोठ्यानं वाचायला घेतलं.

“रूप: पाहत राहावं असं. ठीक. ओढ:” मामा थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. “ओढ: पहिल्या दिवशी वाटली त्याहून पुष्कळच अधिक. दिवसेंदिवस वाढते आहे. आवरत नाही... हे काय? सिगार दीड तासात संपते, तिची ओढ दिवसेंदिवस कशी वाढेल?”

सिगारीच्या धंद्यात ओढ म्हणजे झुरका घेताना धूर किती सहज येतो ते. उरलेल्या जगात ओढ म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको. मामा धंद्यातलाच माणूस. त्यांना दुसरा अर्थ सुचेचना. सोळा बायकांना मात्र तो एकदम सुचला, आणि सतरावीचे कान फवाऱ्यानंही विझले नसते इतके पेटले.

“पुढं ऐका,” मामा म्हणाले. “गुण: काही नाही. प्रस्तुत परीक्षक या मालाबाबत निःपक्षपाती राहू शकत नाही, सबब गुण देण्यास असमर्थ आहे.”

पेटलेले कान क्षणात गार पडले. गुण नाहीत म्हणजे माल नापास. सात वर्षं चिरुटात.

बारकी तडक काचेच्या खोलीत शिरली. तो बॅग भरत होता.

“हे काय लिहिलंय?”

“खरं ते.”

“मी सिगारीबद्दल विचारतेय!”

“मी... सिगारीबद्दल नाही लिहिलं.”

  पत्र्यावर तांदूळ निवडणं चालूच.

“सिगार वाईट आहे का?”

“आजवर चाखलेल्या सगळ्यांत सरस. पण ती खरंच सरस आहे की तुम्ही वळली म्हणून मला सरस लागते, तेच आता कळेनासं झालंय. माझं नाक आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकत नाही. अशा नाकानं गुण दिले, तर ती तुमच्या सात वर्षांची फसवणूक होईल.”

त्याचा हा प्रामाणिकपणा बारकीला फार आवडला, आणि त्याच प्रामाणिकपणाचा गळा आवळावा असंही वाटलं. दोन्ही एकदम.

“प्रेम मागाहून करा,” ती म्हणाली. “आधी आकडा द्या!”

“नाही देता येत हो.”

ती दारापर्यंत गेली, आणि गर्रकन वळली. “नियमावलीचं शेवटचं पान! परीक्षकाच्या मताचा भरवसा नसेल तर राखेची साक्ष घ्यावी. राख तीन बोटं न तुटता उभी राहिली, तर माल पास. सिगार आरपार एकसारखी वळलेली असेल तरच राहते. राखेला कुणाची ओढ नसते ना?”

“पण ओढायची कुणी?”

“तुम्ही. तुमच्या मतावर माझा भरवसा नाही, छातीच्या भात्यावर आहे. मामांचा हात थरथरतो.”

मग काय सांगू! खिडक्या लागल्या, पंखा बंद झाला. सतरा बायकांनी श्वास धरले. मामांना शिंक येऊ घातली, तर त्यांनी नाक चिमटीत असं पकडलं की ती शिंक पुढं आठवडाभर आली नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा लंबकसुद्धा थोरल्या बाईंनी हातानं थांबवला. नाकराव मधोमध खुर्चीत ताठ. झुरका घ्यायचा, सोडायचा, आणि हलायचं नाही. राख वाढत चालली. रुपेरी, घट्ट, एकावर एक वर्तुळं रचल्यासारखी.

“एक बोट,” थोरल्या बाई कुजबुजल्या. मग बऱ्याच वेळानं, “दोन.” मग इतक्या वेळानं की दोन बायकांना मटकन खाली बसावं लागलं... “तीन! तीन गं बारके!”

पास! मामांनी भाचीच्या पाठीवर थाप मारण्यासाठी उचललेला हात, वाऱ्यानं राख पडेल म्हणून हवेतच ठेवला. आता सिगार खाली ठेवायला हरकत नव्हती. पण नाकरावानं ती ठेवली नाही, कारण बारकी त्याच्यासमोर येऊन बसली होती.

“एक विचारू?” ती हळूच म्हणाली. “बोलायचं नाही, राख पडेल. हो असेल तर हं, नाही असेल तर अंहं.”

“हं.”

“पहिल्या दिवशीचे ब्याण्णव, ते सिगारीचेच ना?”

“हं.”

“दुसऱ्या दिवशी एक गुण कमी... तो सिगारीमुळे?”

“अंहं.”

“म्हणजे काडीमुळे.”

त्याची मिशी जराशी हलली. सतरा जणींचं काळीज तोंडाशी आलं. राख जागची हलली नाही.

“उद्या सकाळी तुमची गाडी आहे?”

“हं.”

“जायलाच पाहिजे?”

तो बघत राहिला. धुराआडून, चष्म्याआडून... “अंहं.”

“मग ऐका,” बारकी म्हणाली, आणि तिच्या आवाजातला सगळा फणकारा विरघळला. “तुम्ही अजून विचारलं नाहीत. पण तोंडात सिगार घेऊन बसलेल्या माणसाला ते जमायचंही नाही. म्हणून मीच सांगून टाकते... हो.”

आणि राख? छे हो! राख तसूभर ढळली नाही. त्यानं शांतपणे उरलेली सिगार पार टोकापर्यंत ओढली आणि ती अख्खीच्या अख्खी राखेची सिगार बशीत अलगद उभी केली. पानाची शीर न् शीर तिच्यात दिसत होती. मामांनी तिच्यावर काचेचा पेला उपडा घातला, आणि ती आजही...

“आजही काही नाही हं!” खिडकीपाशी इतका वेळ निमूट विणत बसलेली आजी म्हणाली. “धडधडीत खोटं! तीन बोटं मोजली, माल पास झाला, तिथवर खरं. पण मी ‘हो’ म्हटलं आणि तुम्ही असे हसलात, असे हसलात, की सगळी राख तुमच्या सदऱ्यावर. मीच झटकली ना!”